मधल्या अर्जाचा खर्च: आज की निकालानंतर?

जमिनीच्या वाटपाचा एक दावा डोळ्यांसमोर आणू. वादीने तूर्तातूर्त मनाईसाठी अर्ज दिला आहे. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांच्या रिवाजाप्रमाणे तो निशाणी ५ ला आहे. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झाला आणि अर्ज नामंजूर झाला. आदेशाच्या शेवटी न्यायाधीशांना खर्चाविषयी एक ओळ लिहायची असते. ‘खर्चाबाबत आदेश नाही’, ‘खर्च दाव्याच्या निकालाप्रमाणे’, ‘वादीने प्रतिवादीला अमुक रुपये द्यावेत’ किंवा ‘वादीने ही रक्कम पंधरा दिवसांत द्यावी’, यांपैकी काहीही लिहिता येते. पक्षकार आदेशाचा पहिला भाग वाचून घरी जातो. पण पुढची काही वर्षे त्याच्या खिशावर कोणता भार राहणार, हे या शेवटच्या ओळीने ठरते.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा का, हा प्रश्न जुना आहे आणि इंग्रजी परंपरेतल्या न्यायव्यवस्थांनी त्याचे उत्तर बहुतेक ‘होय’ असे दिले आहे. हा आढावा पुढच्या प्रश्नाचा आहे. दावा चालू असताना निकाली निघालेल्या अर्जाचा खर्च केव्हा द्यायचा? तेव्हाच, की अंतिम हुकूमनाम्यानंतर? वरवर हा नुसता वेळापत्रकाचा तपशील वाटतो. पण त्याच्या उत्तरावर दावा रेंगाळतो की पुढे सरकतो आणि दुबळा पक्षकार टिकतो की बाहेर फेकला जातो, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

मागची वाट

इंग्लंडच्या जुन्या कॉमन लॉ न्यायालयांना खर्च देवविण्याचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने जिंकणाऱ्या वादीला खर्च मिळू लागला. जिंकणाऱ्या प्रतिवादीला तसाच हक्क मिळायला पुढची काही शतके जावी लागली. त्या चौकटीत खर्च हा निकालाचा शेपटीसारखा भाग होता. निकाल लागेपर्यंत जिंकला कोण हेच ठरलेले नसल्याने खर्चाचा हिशेबही शेवटी एकदाच व्हायचा.

हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. इंग्लंडच्या जुन्या सर्वोच्च न्यायालय नियमांतील आदेश ६२ नुसार, न्यायालयाने वेगळे सांगितले नसेल तर खर्चाची आकारणी प्रकरण संपल्यावरच होई. म्हणजे अर्ज जिंकणाऱ्याच्या हातात आदेश पडे, पैसे पडत नसत. मात्र ‘वेगळे सांगितले नसेल तर’ ही पळवाट नव्हती, ते राखून ठेवलेले दार होते. ते दार केव्हा उघडावे, याभोवतीच पुढची सगळी चर्चा फिरत राहिली.

या काळात खर्चाच्या आदेशांची एक परिभाषा घडली. ‘निकालाप्रमाणे’ म्हणजे शेवटी दावा जिंकेल त्याला या अर्जाचाही खर्च मिळेल. ‘राखीव’ म्हणजे कोणी द्यायचा हे नंतर ठरेल. ‘कोणत्याही परिस्थितीत’ म्हणजे दाव्याचा निकाल काहीही लागो, या अर्जाचा खर्च या पक्षालाच मिळेल, पण मिळेल शेवटी. या तिसऱ्या प्रकारात कोणी द्यायचा हे आज ठरते आणि केव्हा द्यायचा हे लांबणीवर पडते. दोन प्रश्न वेगळे आहेत हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

थांबा म्हणणारी भूमिका

ऑस्ट्रेलियाने जुना नियम जाणीवपूर्वक टिकवला. तिथल्या फेडरल न्यायालयाच्या २०११ च्या नियमांतील नियम ४०.१३ सांगतो की, मधल्या अर्जावर खर्चाचा आदेश मिळालेल्या पक्षाने मूळ प्रकरण संपेपर्यंत त्या खर्चाची आकारणी करून घेऊ नये. न्यू साउथ वेल्सच्या २००५ च्या एकत्रित दिवाणी नियमांतील नियम ४२.७ चा आशयही तोच आहे: न्यायालयाने वेगळा आदेश केला नाही, तर असा खर्च प्रकरणाच्या शेवटीच देय होतो.

या भूमिकेमागे तीन कारणे आहेत. पहिले, प्रत्येक अर्जानंतर वेगळी आकारणी केली तर आकारणीचाच खर्च वाढतो आणि मूळ वाद बाजूला पडून खर्चाचे वाद सुरू होतात. दुसरे, आज अर्ज जिंकलेला उद्या दावा हरू शकतो. शेवटी एकदाच हिशेब केला तर देण्याघेण्याची वजावट होऊन उरेल तेवढीच रक्कम हलते. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. ज्याचा दावा खरा आहे पण हाती पैसा नाही, त्याच्यावर मधल्या अर्जांच्या खर्चाचा बोजा टाकला, तर गुणवत्तेवर निकाल लागण्याआधीच तो मैदान सोडेल. बलाढ्य प्रतिपक्षाला मग एवढेच करावे लागेल: जिंकता येतील असे अर्ज देत राहायचे.

दार मात्र बंद नाही. २००२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅरेट यांनी ‘फिड्युशरी लिमिटेड विरुद्ध मॉर्निंगस्टार रिसर्च’ या प्रकरणात खर्च लगेच देववण्याचे प्रसंग तीन गटांत मांडले, आणि आजही तिथला युक्तिवाद बहुधा त्यांच्यापासून सुरू होतो. पहिला गट, निकाली निघालेला मुद्दा उरलेल्या वादापासून सुटा आणि स्वयंपूर्ण असणे. दुसरा, खर्च द्यायच्या पक्षाचे वर्तन अवाजवी असणे. तिसरा, दाव्याचा शेवट इतका दूर असणे की तोवर वाट पाहायला लावणे अन्यायाचे ठरावे. हे गट म्हणजे बंद यादी नाही. न्यायालयाने शेवटी न्यायाची गरज पाहायची असते.

या तीन गटांमागची कारणे एकमेकांपासून वेगळी आहेत. सुटा मुद्दा असेल तर वजावटीचे कारणच उरत नाही, कारण त्या मुद्द्यावर पुढे काही बदलणार नसते. अवाजवी वर्तनात शिस्तीचा विचार येतो. लांबलेल्या दाव्यात विलंबाचे ओझे कोणी वाहायचे हा प्रश्न असतो. एका अर्जात तिन्ही एकत्र आले तर आदेश सोपा असतो. एकच असेल तेव्हा न्यायाधीशांचे मत विभागते.

लगेच म्हणणारी भूमिका

इंग्लंडने मात्र वाट बदलली. लॉर्ड वुल्फ यांनी १९९५ आणि १९९६ च्या अहवालांत दिवाणी न्यायाची जी रोगचिकित्सा केली, तिच्यात खर्च, विलंब आणि गुंतागुंत ही मुख्य दुखणी होती. २६ एप्रिल १९९९ पासून नवे दिवाणी प्रक्रिया नियम लागू झाले आणि त्यांच्याबरोबर ‘तिथल्या तिथे आकारणी’ आली. एका दिवसाच्या आत संपलेल्या सुनावणीनंतर न्यायाधीशांनी तिथेच रक्कम ठरवावी, हा सर्वसाधारण नियम झाला. त्यासाठी दोन्ही बाजू सुनावणीपूर्वी आपल्या खर्चाचे पत्रक दाखल करतात. न्यायालयाने वेगळे सांगितले नाही तर ठरलेली रक्कम चौदा दिवसांत द्यायची असते.

कॅनडातील ऑंटारिओ प्रांताचा नियम ५७.०३ याच दिशेचा आहे. लढवलेल्या अर्जावर न्यायालयाने खर्चाची रक्कम ठरवून ती तीस दिवसांत द्यायला सांगावी; वेगळा आदेश अधिक न्याय्य वाटला तरच तो करावा. रक्कम दिली नाही तर दावा फेटाळण्याचा, स्थगित करण्याचा किंवा बचाव काढून टाकण्याचा अधिकारही तोच नियम देतो.

या बाजूचा मुख्य युक्तिवाद वर्तनाचा आहे. बिल तीन वर्षांनी येणार असेल तर अर्ज देताना कोणी हात आखडत नाही. बिल चौदा दिवसांत येणार असेल तर वकील पक्षकाराला आधीच विचारतो, ‘हा अर्ज खरंच द्यायचा का?’ दुसरा युक्तिवाद न्यायाचा आहे. ज्या पक्षाला विनाकारण अर्ज लढावा लागला, त्याने विरोधकाच्या चुकीसाठी वर्षानुवर्षे बिनव्याजी भांडवल का पुरवावे? तिसरा सोयीचा आहे. ज्याने नुकताच अर्ज ऐकला, त्या न्यायाधीशाला त्यात किती काम होते हे जेवढे कळते, तेवढे वर्षांनंतर कागद चाळणाऱ्या अधिकाऱ्याला कळत नाही.

पण इंग्लंडमध्येही ‘लगेच’ हा सरसकट नियम राहिलेला नाही. अंतरिम मनाईचा अर्ज सोयी-गैरसोयीच्या तुलनेवर मंजूर होतो तेव्हा हक्क कोणाचा हे ठरलेलेच नसते. म्हणून अशा अर्जाचा खर्च बहुधा राखीव ठेवावा, असे तिथल्या न्यायालयांनी नवे नियम आल्यानंतर लवकरच सांगितले. शारीरिक इजेच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत २०१३ पासून हरणाऱ्या वादीला खर्चापासून बरेच संरक्षण मिळाले. म्हणजे लगेच देण्याची व्यवस्था स्वीकारलेल्या देशालाही दुबळ्या पक्षकारासाठी वेगळी जागा करावी लागली. उलट बाजूने, ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने सविस्तर आकारणीऐवजी ठोक रक्कम ठरवण्याला प्राधान्य दिले आणि थांबण्याच्या नियमामागचे आकारणीच्या कटकटीचे कारण थोडे सैल झाले. दोन्ही भूमिका आपापल्या टोकाकडून मध्याकडे सरकत आहेत.

भारत: तारखेची कॉस्ट

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने आला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ खर्च न्यायालयाच्या विवेकावर सोपवते आणि खर्च निकालाप्रमाणे द्यायचा नसेल तर कारणे लिहायला सांगते. केव्हा द्यायचा, यावर ते बोलत नाही. मधल्या आदेशातली रक्कम कलम ३६ मुळे हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते. पण काहीशे रुपयांसाठी वेगळी दरखास्त कोण लावणार?

आपल्या न्यायालयांचे खरे दुखणे तारखांचे होते. म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३५ब आले आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाले. एखाद्या पक्षाने ठरल्या तारखेला करायची गोष्ट केली नाही किंवा तहकुबी घेतली, तर दुसऱ्या पक्षाला त्या दिवशी हजर राहण्यासाठी आलेला वाजवी खर्च न्यायालय देववू शकते. पुढच्या तारखेला ती रक्कम देणे ही वादीसाठी दावा पुढे चालवण्याची आणि प्रतिवादीसाठी बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट होते. दिलेली कॉस्ट अंतिम हुकूमनाम्यातल्या खर्चात धरली जात नाही. न दिलेल्या कॉस्टचा वेगळा आदेश तयार होतो आणि तो वसूल करता येतो. भारतीय दिवाणी कायद्यातला ‘लगेच द्या’ हा सर्वांत ठोस नियम हाच. अर्ज कोणी जिंकला याच्याशी त्याचा संबंध नाही, तारीख कोणी वाया घालवली याच्याशी आहे.

कॉस्ट दिली नाही तर काय, यावर मतभेद झाले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८१ मध्ये ही तरतूद बंधनकारक मानली. शेवटी २००९ मध्ये ‘मनोहर सिंग विरुद्ध डी. एस. शर्मा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग स्पष्ट केला. कॉस्ट न दिल्याने दावा आपोआप फेटाळला जात नाही आणि बचावही आपोआप काढून टाकला जात नाही. मात्र थकबाकीदार पक्षाचा पुढे भाग घेण्याचा हक्क थांबतो. त्याला पुरावा देता येत नाही, युक्तिवाद करता येत नाही, आणि न्यायालय समोर असलेल्या सामग्रीवर निकाल देते. पक्षकाराच्या दृष्टीने हा फरक किती उरतो, हे त्याचा पुरावा आधी झाला होता की नाही यावर ठरते.

याच्या जोडीला आदेश १७ आहे. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत आणि तहकुबीबरोबर कॉस्ट लावावी. २००५ च्या ‘सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशन’ निकालाने या मर्यादा वैध ठरवल्या, पण अपरिहार्य अडचणीत न्यायालयाचे हात बांधलेले नाहीत असेही सांगितले.

रकमेचा पेच

केव्हा द्यायचे या प्रश्नाला किती द्यायचे हा प्रश्न चिकटलेला आहे. खोट्या किंवा त्रासदायक दाव्यांसाठी कलम ३५अ खाली देता येणारी भरपाई तीन हजार रुपयांवर अडकलेली होती, आणि सामान्य दाव्यांत ती आजही तिथेच आहे. सेलम निकालाने म्हटले की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा. वेळ, प्रवास, मुक्काम, वकील फी, टंकलेखन असे सगळे त्यात यावे आणि उच्च न्यायालयांनी त्यासाठी नियम करावेत.

या सूचनेची कसोटी एका अंतरिम आदेशाविरुद्धच्या अपिलातच लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने ‘संजीव कुमार जैन’ प्रकरणात असे अपील फेटाळताना ४५ लाख २८ हजार रुपये खर्च लावला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. प्रत्यक्ष खर्चाची कल्पना स्वागतार्ह असली तरी नियमांत तशी तरतूद होईपर्यंत न्यायालयाला नियमांपलीकडे जाता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच निकालात प्रचलित तरतुदी अपुऱ्या असल्याचेही न्यायालयाने नोंदवले. त्याआधी २०१० मध्ये ‘विनोद सेठ’ प्रकरणात खर्चाच्या नियमांनी काय साधावे हे न्यायालयाने मांडले होते: त्रासदायक दाव्यांना आळा बसावा, प्रक्रियेचे पालन व्हावे, जिंकणाऱ्याची पुरेशी भरपाई व्हावी, आणि तरीही खरा पक्षकार घाबरून न्यायालयापासून दूर राहू नये. २०१२ मध्ये विधी आयोगाने २४० वा अहवाल दिवाणी खर्चावरच दिला.

रक्कम नाममात्र असते तोवर ती आज द्यायला सांगितली काय किंवा शेवटी, फारसा फरक पडत नाही. रक्कम खरी झाली की वेळेचा प्रश्न धारदार होतो.

व्यापारी दावे: ‘केव्हा’ कायद्यात आले

२०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी कलम ३५ नव्याने लिहिले. खर्च द्यायचा का, किती द्यायचा आणि केव्हा द्यायचा, असे तीन वेगळे निर्णय त्यात न्यायालयावर सोपवले आहेत. इंग्लंडच्या १९९९ च्या नियमांची छाया इथे स्पष्ट दिसते. पक्षांचे वर्तन, काही मुद्द्यांवर मिळालेले यश आणि तडजोडीचा नाकारलेला वाजवी प्रस्ताव हे विचारात घ्यायचे आहेत. एखाद्या विशिष्ट टप्प्यापुरता खर्च आणि खर्चावर व्याजही देववता येते. कलम ३५अ मधली तीन हजारांची मर्यादा या दाव्यांपुरती गेली. २०१८ मध्ये या कायद्याची किमान मूल्यमर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली, म्हणजे जिल्ह्याच्या गावातल्या मध्यम व्यापाऱ्याचा दावाही या चौकटीत आला. मात्र इंग्लंडचा चौदा दिवसांचा किंवा ऑंटारिओचा तीस दिवसांचा ठरलेला नियम इथे नाही. ‘केव्हा’ हा शब्द आला, त्याचे उत्तर प्रत्येक न्यायाधीशावर राहिले.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न ऐपतीचा. पंधरा दिवसांत वीस हजार देणे कंपनीला सोपे असते, शेतमजुराला अशक्य. ऐपत पाहून वेळ ठरवली तर श्रीमंताला वेगळा आणि गरिबाला वेगळा कायदा होतो, अशी हरकत घेतली जाते. न पाहिली तर खर्चाचा आदेशच दाव्याचा निकाल होतो. हप्ते, मुदतवाढ किंवा ‘निकालाप्रमाणे’ हे मधले पर्याय आहेत, पण ते केव्हा वापरावेत यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न परत मिळण्याचा. आज अर्जाचा खर्च देऊन उद्या दावा जिंकलेल्या पक्षाला वजावट मिळते, पण तोवर विरोधक दिवाळखोर झाला तर? ही जोखीम थांबण्याच्या बाजूने बोलते. त्याच वेळी, थांबून खर्च देणाराच दिवाळखोर झाला तर, हीच जोखीम उलट दिशेने बोलते.

तिसरा प्रश्न, पैसे कोणाला? आपल्याकडे कॉस्ट पुष्कळदा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला सांगितली जाते. शिस्तीच्या दृष्टीने ते परिणामकारक असते. पण ज्याची तारीख वाया गेली त्याचा खर्च तसाच राहतो. मग ती भरपाई की दंड? दंड असेल तर लगेच भरण्यामागचे कारणही बदलते.

चौथा प्रश्न, चूक कोणाची? वकील आले नाहीत म्हणून तहकुबी झाली आणि कॉस्ट पक्षकाराच्या नावावर लागली, असे नेहमी घडते. पूर्वअटीचा नियम कडक होतो तसा हा अन्याय वाढतो.

पाचवा प्रश्न आदेश मान्य करण्याचा. खर्चाच्या अटीवर विरोधकाच्या लेखी कथनातली दुरुस्ती मंजूर झाली आणि आपण खर्च स्वीकारला, तर नंतर त्या दुरुस्तीला आव्हान देता येईल का? म्हणून अनुभवी वकील रक्कम घेताना रोजनाम्यात ‘हरकत राखून’ अशी नोंद करून घेतात. रक्कम लगेच दिली-घेतली जाते तेव्हाच हा पेच उभा राहतो.

आज कुठे उभे आहोत

एवढ्या चर्चेतून काही गोष्टी स्थिर झालेल्या दिसतात. मुद्दा सुटा असेल, वर्तन अवाजवी असेल किंवा शेवट फार दूर असेल, तर खर्च लगेच देववण्याला दोन्ही परंपरांची संमती आहे. हक्क अजून अनिश्चित असेल तर थांबावे, यावरही साधारण एकमत आहे. सोय आणि शिस्त, वजावट आणि भरपाई यांच्यातले वजन कुठे ठेवायचे, यावर मतभेद उरतात.

आपल्या न्यायालयांपुरते पाहिले तर तहकुबीसाठी ‘लगेच’ हे उत्तर जवळपास पन्नास वर्षांपासून कायद्यात आहे आणि व्यापारी दाव्यांसाठी ‘केव्हा’ हा प्रश्न कायद्याने उघड विचारला आहे. सामान्य दिवाणी दाव्यातल्या अर्जांसाठी तो अजून आदेशाच्या शेवटच्या ओळीत दडलेला आहे. त्या ओळीत रकमेबरोबर मुदत आणि मुदतीबरोबर एका वाक्याचे कारण आले, तर वाटपाच्या दाव्यातला तो वादी न्यायालयाबाहेर पडताना निदान एवढे समजून जाईल की आपल्याला आज पैसे का द्यायला सांगितले, किंवा का सांगितले नाहीत.